क्लेअर : नोव्हा स्कोशियातील फ्रेंचभाषक ग्रामीण नगरपालिका – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लेअर नेमके कोठे आहे? ते शहर आहे की खेडे?

क्लेअर कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया प्रांताच्या नैर्ऋत्य भागात, बे सेंत-मारी या उपसागराच्या काठी आहे. प्रांताची राजधानी हॅलिफॅक्स येथून मोटारीने सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. क्लेअर हे एक गाव नाही. साडेआठशे चौरस किलोमीटरहून थोड्या अधिक प्रदेशावर पसरलेली ती ग्रामीण नगरपालिका आहे. तिच्या हद्दीत सें-बेर्नार, ल'आंस-दे-बेलिव्हो, ग्रोस कोक, प्वांत-द-लेग्लीझ, सोल्निएरव्हिल, मेतेगान अशी गावे एका किनारी रस्त्यावर ओळीने वसलेली आहेत. एक गाव कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले हे पाटी पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून या रस्त्याला 'जगातील सर्वांत लांब मुख्य रस्ता' असे गमतीने म्हणतात. जवळजवळ प्रत्येक घराच्या पुढ्यात समुद्र आणि पाठीशी जंगल असते, कारण सुरुवातीला जमिनीच्या पट्ट्यांची वाटणीच तशी झाली होती : किनाऱ्याला अरुंद तोंड आणि आत रानात शिरत जाणारी लांबच लांब शेपटी. किनाऱ्यापासून आत गेले की वस्ती झपाट्याने विरळ होते आणि उरतात ती तळी, दलदल व झाडी.

इंग्रजीभाषक प्रांतात हे फ्रेंच बोलणारे लोक आले कोठून?

ते बाहेरून आलेले नाहीत. प्रांत इंग्रजीभाषक झाला तो त्यांच्यानंतर. फ्रेंचांनी १६०४ साली या भागात पहिली वसाहत करून पाहिली आणि १६०५ साली पोर्ट-रॉयल येथे ठाणे वसवले. या प्रदेशाला अकादी म्हणत आणि येथे रुजलेल्या शेतकऱ्यांना अकादियन. फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतील फरक जगात सर्वाधिक आहे. तेथील खाजणांवर अकादियनांनी मातीचे बांध घातले, बांधांच्या पोटात ओहोटीच्या वेळी पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीच्या वेळी आपोआप मिटणारी लाकडी झडप बसवली आणि खाऱ्या चिखलाची सुपीक शेती केली. जंगल तोडून मिकमॅक या मूळ रहिवाशांशी झगडण्यापेक्षा समुद्राकडून जमीन मिळवणे त्यांनी पसंत केले. दोन्ही समाजांचे संबंध दीर्घकाळ बरे राहिले, त्याचे हे एक कारण होते.

१७१३ च्या उत्रेख्तच्या तहाने मुख्य भूमीवरील अकादी ब्रिटनकडे गेली. लोक होते तेथेच राहिले, राजा मात्र बदलला. ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला ते तयार होते. फ्रान्सविरुद्ध शस्त्र उचलण्याची सक्ती नसावी, एवढीच त्यांची अट होती. ही तटस्थता जवळपास चाळीस वर्षे चालवून घेतली गेली.

१७५५ साली काय घडले?

गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्स आणि त्याच्या मंडळाने बिनशर्त शपथेचा आग्रह धरला, तो नाकारला गेला, आणि २८ जुलै १७५५ रोजी सर्व अकादियनांना हद्दपार करण्याचा निर्णय झाला. पुढच्या आठ वर्षांत दहा हजारांहून अधिक लोकांना गलबतांत भरून अमेरिकी किनाऱ्यावरील वसाहतींत, इंग्लंडमध्ये आणि फ्रान्समध्ये पाठवण्यात आले. कुटुंबे फुटली, घरे व कोठारे जाळली गेली, आणि रोगराईने व जहाजे बुडाल्याने हजारो लोक मेले. अकादियन या घटनेला 'ल ग्रां देरांजमां' म्हणतात. शब्दशः पाहिले तर 'मोठी उलथापालथ' एवढाच तिचा अर्थ होतो.

यामागे केवळ एका गव्हर्नराचा कठोर स्वभाव होता असे मानणे भोळेपणाचे ठरेल. ब्रिटन आणि फ्रान्स यांचे जगभर चाललेले युद्ध त्याच्या मुळाशी होते. तेच युद्ध भारतात कर्नाटक प्रांतात, म्हणजे आजच्या तामिळनाडूच्या बाजूला, लढले गेले आणि १७६० साली वांदिवाश येथे फ्रेंचांचा पराभव झाला. फरक इतकाच की, अकादीत या युद्धाने एक संपूर्ण शेतकरी समाज उखडला.

परत येऊ दिल्यावर लोक आपल्या जुन्या शेतांवर का गेले नाहीत?

कारण शेते उरली नव्हती. १७६४ साली अकादियनांना निष्ठेची शपथ घेऊन, लहान गटांत विखरून राहण्याच्या अटीवर परतण्याची मुभा मिळाली. परंतु त्याआधीच ग्रां-प्रे आणि पोर्ट-रॉयल परिसरातील बांधबंदिस्तीची जमीन न्यू इंग्लंडमधून आणलेल्या इंग्रज वसाहतकऱ्यांना देऊन झाली होती. काही अकादियनांना स्वतःच्याच जुन्या बांधांची डागडुजी करण्यासाठी मजूर म्हणून राबावे लागले, कारण ती विद्या नव्या मालकांना अवगत नव्हती.

म्हणून १७६८ साली बे सेंत-मारीच्या काठी अकादियनांसाठी वेगळा वसाहत-विभाग आखण्यात आला. तो आखताना सरकारला हे लोक महत्त्वाच्या बंदरांपासून दूर हवे होते आणि जमीनही कोणी मागत नव्हते अशीच होती : खडकाळ, पातळ मातीची आणि पाण्याच्या कडेपर्यंत झाडीने भरलेली. त्याचा परिणाम मात्र उलटा झाला. येथे इंग्रज शेजारी जवळजवळ नव्हते, त्यामुळे घरात आणि अंगणात, होडीत आणि चर्चमध्ये फ्रेंचच बोलली गेली. भाषा पहिल्यांदा टिकली ती या आडबाजूपणामुळे, कोणाच्या धोरणामुळे नव्हे. ज्यांनी शेती पिढ्यान्‌पिढ्या केली त्या लोकांना येथे समुद्राकडे वळावे लागले. क्लेअरचा पुढचा सगळा आर्थिक इतिहास या एका सक्तीतून निघतो.

पहिली वस्ती कोणी केली?

जोसेफ द्युगा हे १७६८ साली येथे कायमचे स्थायिक होणारे पहिले अकादियन मानले जातात, आणि आज प्वांत-द-लेग्लीझ येथील प्राथमिक शाळेला त्यांचेच नाव आहे. पुढील काही वर्षांत मॅसॅच्युसेट्समधील हद्दपारीतून सुटलेली आणखी कुटुंबे आली. त्यांत अनेक जण शेकडो किलोमीटर पायी चालत, जुनी गावे परकी झालेली पाहून, पुढे इथवर पोहोचले होते. कोमो, तेरियो, बेलिव्हो, लब्लां, सोल्निए, दूसे ही आडनावे तेव्हापासून आजतागायत टपालपेट्यांवर दिसतात. एकाच नावाची इतकी माणसे असल्याने बाप-आजोबांची नावे जोडून माणूस ओळखण्याची रीत येथे पडली, आणि ती म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून ऐकू येते.

ग्रोस कोक या गावाचे नाव म्हणजे 'मोठे शिंपले'. ओहोटीच्या वेळी येथील चिखलात सापडणाऱ्या मोठ्या शिंपल्यांवर पहिल्या वसाहतकऱ्यांनी हिवाळा काढला असे सांगतात. मिकमॅक लोकांनी केलेल्या मदतीच्या आठवणीही घराघरांत आहेत. जवळच प्वांत-आ-माजोर येथे क्लेअरमधील पहिली दफनभूमी आहे आणि तेथे एक इवलेसे लाकडी देऊळघर उभे आहे. मादलेन लब्लां नावाच्या तरुण मुलीची गोष्टही सांगितली जाते : किनाऱ्यावर उतरल्यावर खचून बसलेल्या मोठ्यांना पाहून तिने म्हणे कुऱ्हाड उचलली आणि पहिले झाड स्वतः पाडले. ही दंतकथा आहे, आणि इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकू नये.

फ्रेंच वस्तीला 'क्लेअर' हे आयरिश नाव कसे?

आयर्लंडमधील क्लेअर परगण्यावरून ब्रिटिश प्रशासनाने ते ठेवले. वस्तीतील लोकांना त्याबाबत विचारण्यात आले नव्हते. स्थानिक लोक आपल्या भागाला सहसा 'ला बे', म्हणजे नुसताच 'उपसागर', असे म्हणतात.

आबे सिगोन कोण होते? त्यांचे नाव सर्वत्र का दिसते?

झां-मांदे सिगोन हे फ्रान्समधील तूर प्रदेशातील धर्मगुरू होते. त्यांचा जन्म १७६३ चा. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात सरकारी शपथ घेण्यास नकार दिल्याने त्यांना लपून राहावे लागले. मग ते इंग्लंडला गेले, तेथे काही वर्षे काढली आणि १७९९ साली नोव्हा स्कोशियात आले. योगायोगाचा भाग असा की, शपथ नाकारून देशोधडीला लागलेला हा माणूस, शपथ नाकारूनच देशोधडीला लागलेल्यांच्या नातवंडांमध्ये येऊन राहिला.

त्यांच्यापूर्वी या किनाऱ्याला कायमस्वरूपी फ्रेंच धर्मगुरू जवळजवळ लाभलाच नव्हता. सिगोन यांनी क्लेअर आणि दक्षिणेकडील आर्गाइल या दोन्ही विभागांची जबाबदारी घेतली. जन्म, विवाह, मृत्यू यांच्या नोंदी ठेवल्या, चर्चे बांधून घेतली, मुलांना लिहायला-वाचायला शिकवले, मिकमॅक लोकांमध्ये काम केले, आणि दंडाधिकारी म्हणून भांडणेही मिटवली. ते फार कडक होते आणि आपल्या माणसांविषयी त्यांची तक्रार कायम असे. बिशपांना लिहिलेल्या पत्रांत नाच, दारू आणि आळस यांविषयी त्यांनी पानेच्या पाने भरली. १८२० साली प्वांत-द-लेग्लीझ परिसरात मोठी आग लागली, तीत चर्चही जळाले. त्यानंतरची उभारणी त्यांनीच करवून घेतली.

राजकारणातही त्यांचा अप्रत्यक्ष हात होता. कॅथलिकांना सार्वजनिक पदांपासून दूर ठेवणाऱ्या शपथेविरुद्ध प्रांतिक सभागृहात टॉमस चँडलर हॅलिबर्टन या प्रॉटेस्टंट सदस्याने १८२७ साली केलेले भाषण प्रसिद्ध आहे. सिगोन यांच्याशी असलेली त्यांची मैत्री त्यामागे होती. सिगोन यांचे १८४४ मध्ये निधन झाले.

नगरपालिका केव्हा झाली आणि तिचा कारभार कोणत्या भाषेत चालतो?

१८३७ साली डिग्बी परगणा वेगळा झाला तेव्हा क्लेअर त्याचा भाग होते. १८७९ साली प्रांताने ग्रामीण भागांना निवडून आलेल्या परिषदा देणारा कायदा केला आणि परगण्यात डिग्बी व क्लेअर अशा दोन स्वतंत्र नगरपालिका अस्तित्वात आल्या. मराठी वाचकाने आपल्याकडची शहरी नगरपालिका डोळ्यांसमोर आणू नये. विस्तार तालुक्याएवढा आणि लोकसंख्या मोठ्या खेड्याएवढी, असे हे प्रकरण आहे. रस्त्याकडचे दिवे, कचरा, अग्निशमन दलांना साहाय्य, जमिनीच्या वापराचे नियम, मालमत्ता कर आणि उद्योगांना प्रोत्साहन ही तिची कामे आहेत. शाळा आणि रुग्णालये प्रांताकडे असतात. परिषदेच्या प्रमुखाला प्रेफे म्हणतात.

कारभार फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत चालतो. सभेतील चर्चा फ्रेंचमध्ये होते, ही नोव्हा स्कोशियात अपवादात्मक गोष्ट आहे. प्रांताने फ्रेंच भाषेतील सेवांचा कायदा २००४ साली केला. क्लेअरचे सदस्य त्याच्या कितीतरी आधीपासून घरातलीच भाषा सभेत बोलत होते.

लोकांचे पोट कशावर चालते?

एकोणिसाव्या शतकात लाकूड आणि जहाजे यांवर. मागे जंगल, पुढे समुद्र, मध्ये गिरण्या चालवणाऱ्या छोट्या नद्या, अशी सोय असल्याने मेतेगान आणि ल'आंस-दे-बेलिव्हो येथे शिडाची जहाजे बांधली जात आणि तीच जहाजे लाकूड व खारवलेली मासळी घेऊन कॅरिबियन बेटांकडे जात. वाफेच्या आणि लोखंडी जहाजांनी हा धंदा मागे टाकला. तरी सुतारकाम मेले नाही. मेतेगान नदीच्या मुखाशी १९३८ साली सुरू झालेली जहाजगोदी आजही चालू आहे, आणि लाकडाच्या जागी आता फायबरग्लास, पोलाद व अॅल्युमिनियम आले आहे.

या काळातील एक विलक्षण प्रकरण क्लेअरच्या अंतर्भागात घडले. १८९० च्या दशकात फ्रान्समधून आलेल्या स्टेहेलिन कुटुंबाने जंगलात 'नूव्हेल फ्रान्स' नावाची वसाहत आणि लाकूड गिरणी उभारली. त्यांनी धरण घालून वीज तयार केली आणि घरांत व आवारात दिवे लावले. आसपासच्या गावांत तेव्हा रॉकेलचे कंदील होते, म्हणून लोक तिला 'विजेचे शहर' म्हणू लागले. लाकूड वेमथ बंदरापर्यंत नेण्यासाठी त्यांनी रूळही लाकडाचेच केले होते. पहिल्या महायुद्धापूर्वीच हा उद्योग थांबला. आज तेथे झाडीत पायाचे दगड दिसतात.

सध्याचा मुख्य आधार मासेमारी, आणि तीतही लॉब्स्टर. नैर्ऋत्य नोव्हा स्कोशियाचे लॉब्स्टर क्षेत्र क्रमांक ३४ कॅनडातील सर्वांत मोठ्या उत्पन्नाच्या क्षेत्रांपैकी आहे. हंगाम नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी सुरू होतो आणि मेअखेर संपतो, म्हणजे थंडीचे सर्वांत वाईट महिने हेच कमाईचे महिने. पहिल्या दिवशी पिंजऱ्यांनी काठोकाठ लादलेल्या बोटी पहाटे धक्क्यावरून सुटतात, तेव्हा घरचे सगळे त्यांना निरोप द्यायला उभे असतात. इतके ओझे घेऊन हिवाळी समुद्रात जाणे धोक्याचे असल्याने हवामान बिघडल्यास प्रारंभ पुढे ढकलला जातो. याशिवाय स्कॅलप आणि हेरिंग आहेत, आणि सोल्निएरव्हिल येथे १९४६ पासून मासळी-प्रक्रियेचा मोठा कारखाना उभा राहिला.

मिंक या केसाळ प्राण्याची पैदासही येथे जोरात होती. २०१० च्या दशकाच्या मध्यात फरचे जागतिक भाव कोसळले आणि अनेक शेड रिकामे झाले. तळ्यांच्या प्रदूषणावरून आधीच तक्रारी असल्याने सगळ्यांनाच त्याचे दुःख झाले नाही.

प्वांत-द-लेग्लीझ येथील लाकडी चर्चविषयी इतके का बोलले जाते?

सेंत-मारी चर्च १९०३ ते १९०५ या काळात बांधले गेले आणि उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठे लाकडी चर्च म्हणून ते ओळखले जाते. त्याचा मनोरा सुमारे ५६ मीटर उंच आहे. आराखडा फ्रान्समधील वास्तुविशारदाने दगडी इमारतीच्या धर्तीवर केला, तर प्रत्यक्ष काम लेओ मेलांसों या स्थानिक सुताराने करून घेतले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते असे सांगतात. गावकऱ्यांनी अंगमेहनत दिली. आतले खांब संगमरवरी वाटतात, पण ते गिलावा चढवलेले अखंड वृक्षबुंधे आहेत. उपसागरावरून येणाऱ्या वाऱ्यात मनोरा डोलू नये म्हणून त्याच्या तळाशी सुमारे ४० टन दगड भरले आहेत. जहाजाला स्थैर्य यावे म्हणून तळात दगड भरणाऱ्या लोकांनी तीच युक्ती येथे वापरली, यात नवल नाही.

सें-बेर्नारचे चर्च याच्या अगदी उलट. ते ग्रॅनाइटचे आहे आणि १९१० ते १९४२ अशी बत्तीस वर्षे, पैसा येईल तसे, थराथराने चढवले गेले. काहीशे वस्तीच्या गावाने हे का केले असा प्रश्न आज पडतो. तेव्हा कोणाला पडला नसावा.

सेंत-मारीचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे. उपासकांची संख्या घटली, छत गळू लागले, दुरुस्तीचा खर्च लाखो डॉलरच्या घरात गेला. २०१९ च्या अखेरीस येथील नियमित उपासना थांबली. इमारत वाचवण्यासाठी समिती झाली, पण हवा तेवढा निधी उभा राहिला नाही. विटा-दगड असते तर पडीक अवस्थेत शतकभर तग धरता आला असता. समुद्राकाठचे लाकूड तशी सवड देत नाही.

एवढ्या लहान भागात विद्यापीठ कसे?

सिगोन यांच्या स्मरणार्थ १८९० साली यूदिस्त या फ्रेंच धर्मसंघाने प्वांत-द-लेग्लीझ येथे कोलेज सेंत-आन सुरू केले. १८९२ साली त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, १८९९ साली ते जळाले, आणि पुन्हा बांधले गेले. आज युनिव्हर्सिते सेंत-आन हे नोव्हा स्कोशियातील एकमेव फ्रेंच भाषक विद्यापीठ आहे. प्रांतातील अकादियन शिक्षक, वकील आणि पत्रकार यांच्या कित्येक पिढ्या येथून गेल्या.

विद्यापीठाचा निवासी फ्रेंच अभ्यासक्रम कॅनडाभर माहीत आहे. त्यात दाखल होणारा विद्यार्थी आठवडे न् आठवडे केवळ फ्रेंच बोलण्याची लेखी हमी देतो, आणि पुन्हापुन्हा इंग्रजी बोलणाऱ्याला घरी पाठवले जाते. ज्या भाषेमुळे येथील लोकांच्या पूर्वजांना जहाजात कोंबले गेले, ती शिकण्यासाठी इंग्रजीभाषक तरुण आता फी भरून येतात. स्थानिकांना यात मजा वाटते आणि रोजगारही मिळतो.

शाळांमध्ये फ्रेंच पहिल्यापासून होती का?

नाही, आणि क्लेअरच्या इतिहासातला हा सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे. १८६४ च्या मोफत शाळांच्या कायद्याने सार्वजनिक शिक्षण इंग्रजीत बांधले. क्लेअरमध्ये शिक्षक अकादियन, मुले अकादियन, पुस्तक मात्र इंग्रजी, अशी स्थिती बराच काळ होती. पुस्तकातला धडा फ्रेंचमध्ये समजावून सांगायचा आणि शाळातपासनीस आला की इंग्रजी सुरू करायची, असा तोडगा काढला जाई. लिहिण्याची भाषा त्यामुळे इंग्रजी झाली. घरात अस्खलित फ्रेंच बोलणारी, पण फ्रेंचमध्ये पत्र लिहायला कचरणारी माणसे येथे तयार झाली ती अशी.

१९८१ साली प्रांताने अकादियन शाळांना कायदेशीर मान्यता दिली. पुढच्या वर्षी कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतील कलम २३ ने अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत शिक्षणाचा हक्क दिला. १९९६ मध्ये संपूर्ण प्रांतासाठी अकादियन शाळामंडळ स्थापन झाले. तरी क्लेअरसह पाच ठिकाणच्या फ्रेंच माध्यमिक शाळांचे काम रेंगाळत राहिले. अंशतः सरकारमुळे, आणि अंशतः समाजातच एकमत नसल्यामुळे. सगळे विषय फ्रेंचमध्ये शिकली तर मुले इंग्रजीत मागे पडतील आणि नोकऱ्या गमावतील, ही भीती अनेक अकादियन पालकांनीच बोलून दाखवली. मराठी शाळांबाबतचा वाद ज्यांनी ऐकला आहे त्यांना हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल.

काही पालक न्यायालयात गेले. २००० साली न्यायमूर्ती आर्थर लब्लां यांनी शाळा ठरावीक मुदतीत उभ्या करण्याचा आदेश दिला, आणि प्रगतीचा अहवाल सरकारने आपल्यापुढे येऊन द्यावा, अशी असाधारण अटही घातली. निकाल दिल्यावर न्यायाधीशाला असा पाठपुरावा करता येतो का, हा प्रश्न कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोव्हेंबर २००३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी उत्तर आले : येतो. या टप्प्याटप्प्याच्या विलंबात एकेका पिढीची भाषा जाते, हे न्यायालयाने मान्य केले. 'दूसे-बूद्रो' नावाने ओळखला जाणारा हा निकाल कॅनडात कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो. क्लेअरच्या मुलांना आज प्राथमिकपासून माध्यमिकपर्यंत फ्रेंच शाळा आहे.

येथील फ्रेंच पॅरिसच्या किंवा क्युबेकच्या फ्रेंचपेक्षा वेगळी आहे का?

बरीच. तिला 'आकाद्जोन' म्हणतात. अकादियनांचे पूर्वज सतराव्या शतकात मुख्यतः पश्चिम फ्रान्समधून निघाले आणि नंतर फ्रान्सशी संबंध तुटला, त्यामुळे तिकडे लोप पावलेली रूपे इकडे राहिली. 'आम्ही बोलतो' यासाठी प्रमाण फ्रेंचमध्ये 'नू पार्लों' म्हणतात, तर येथे 'झ पार्लों'. नकारासाठी 'पा'ऐवजी जुने 'प्वें' वापरले जाते. त्यात इंग्रजी क्रियापदे मुक्तपणे मिसळलेली असतात. पूर्वी शाळेत आणि क्युबेकमध्ये या बोलीची टिंगल होई. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत येथील तरुण गायकांनी आणि रॅप करणाऱ्यांनी तीच बोली रंगमंचावर नेली, आणि १९९० साली सुरू झालेल्या सामुदायिक रेडिओकेंद्राने ती रोज घरात ऐकवली, त्यामुळे तिच्याविषयीची लाज बरीच ओसरली आहे.

मतदारसंघाचा वाद काय होता?

क्लेअरची लोकसंख्या एका सामान्य मतदारसंघापेक्षा कमी आहे. तरीही अकादियनांचा आवाज सभागृहात असावा म्हणून १९९० च्या दशकापासून क्लेअर, आर्गाइल आणि रिचमंड हे संरक्षित मतदारसंघ होते. २०१२ साली प्रांताने ते रद्द करून क्लेअरला डिग्बीशी जोडले. अकादियन महासंघ न्यायालयात गेला, २०१७ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने प्रक्रिया सदोष ठरवली, आणि २०२१ च्या निवडणुकीत क्लेअर पुन्हा स्वतंत्र मतदारसंघ झाला.

२०२० साली सोल्निएरव्हिलच्या धक्क्यावर संघर्ष का झाला?

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या मार्शल निकालात, १७६०-६१ च्या तहांच्या आधारे, मिकमॅक लोकांना 'माफक उपजीविके'साठी मासेमारीचा हक्क असल्याचे मान्य केले. परंतु 'माफक' म्हणजे किती, हे केंद्र सरकारने वीस वर्षे ठरवलेच नाही. १७ सप्टेंबर २०२० रोजी सिपेकनेकाटिक या मिकमॅक समाजाने सोल्निएरव्हिल येथून, व्यापारी हंगाम बंद असताना, स्वतःचे परवाने देऊन लॉब्स्टर पकडणे सुरू केले. स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला. पिंजरे तोडले गेले, जमाव जमले, आणि ऑक्टोबरमध्ये न्यू एडिनबरा येथील मासळीच्या आवाराची नासधूस झाली. विणीच्या काळात लॉब्स्टर पकडल्याने साठा धोक्यात येईल, असे मच्छीमार म्हणत होते. मोजक्या पिंजऱ्यांनी तसे होणार नाही, आणि हक्क तहाने दिलेला आहे, असे मिकमॅक पक्षाचे उत्तर होते.

साठ्याविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात, पण हिंसेला त्याने समर्थन मिळत नाही. पहिल्या हिवाळ्यात मिकमॅकांनी केलेल्या मदतीची गोष्ट अभिमानाने सांगणाऱ्या किनाऱ्यावर हे घडले, याची खंत अनेक अकादियनांनी जाहीरपणे व्यक्त केली.

क्लेअरची लोकसंख्या वाढते आहे की घटते आहे?

घटते आहे. २०१६ च्या जनगणनेत ती ८,०१८ होती, २०२१ मध्ये ७,६७८ झाली. यांतील सुमारे दोन-तृतीयांश लोकांची मातृभाषा फ्रेंच आहे. तरुण हॅलिफॅक्सला किंवा मोंक्टनला जातात, जन्म कमी आणि वृद्ध अधिक, हे सगळ्या ग्रामीण कॅनडाचे चित्र येथेही दिसते. घरे मात्र सहज मिळत नाहीत, कारण जुनी घरे निवृत्त लोक आणि उन्हाळी पाहुणे घेतात.

वाढीची आशा आता बाहेरून येणाऱ्यांवर आहे. केंद्र सरकारने नव्या फ्रेंचभाषक स्थलांतरितांचे स्वागत करण्यासाठी देशभरातून सुरुवातीला निवडलेल्या १४ समुदायांत क्लेअरचा समावेश होता. आफ्रिकेतील फ्रेंचभाषक देशांतून आलेले विद्यार्थी आणि कामगार मासळीच्या कारखान्यांत, वृद्धाश्रमांत आणि शाळांत दिसू लागले आहेत. 'अकादियन' ही ओळख आजवर आडनावावरून आणि वंशावळीवरून ठरत आली. डाकारहून आलेल्या आईबापांची, आकाद्जोन बोलत वाढणारी मुले त्या ओळखीत कशी सामावतात, यावर पुढची जनगणना बरीचशी अवलंबून राहील.

'रापूर' म्हणजे काय?

या किनाऱ्याचे मुख्य पक्वान्न. बटाटे किसून, कापडात पिळून त्यांतले सगळे पाणी काढायचे. जेवढे पाणी गेले तेवढाच उकळता कोंबडीचा रस्सा थोडा थोडा घालत कीस घोटायचा, म्हणजे तो पारदर्शक व चिकट होतो. मग त्यात कोंबडीचे तुकडे आणि कांदा घालून वरची कड खरपूस होईपर्यंत दोन-तीन तास भट्टीत ठेवायचे. वर लोणी किंवा काकवी. पहिल्यांदा खाणाऱ्याला तिचा गिळगिळीत पोत सहसा आवडत नाही.

भेट द्यायची तर केव्हा जावे?

जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत. १९५५ साली, हद्दपारीच्या द्विशताब्दीला सुरू झालेला क्लेअरचा अकादियन उत्सव याच सुमारास असतो. १५ ऑगस्ट हा अकादियनांचा राष्ट्रीय दिन. त्या दिवशी लोक ताटल्या, पातेली, भोंगे, जे हाती लागेल ते वाजवत रस्त्यावरून फिरतात आणि 'आम्ही अजून आहोत' हे सांगतात. या मिरवणुकीला तँतामार म्हणतात. २०२४ चे जागतिक अकादियन संमेलन क्लेअर आणि आर्गाइल येथेच भरले आणि लुइझियानापासून फ्रान्सपर्यंत विखुरलेल्या कुटुंबांचे मेळावे येथे झाले. विद्यापीठाच्या आवारातील 'रांदेव्हू द ला बे' या केंद्रात स्थानिक इतिहासाचे संग्रहालय आहे, तेथून सुरुवात करावी. सार्वजनिक वाहतूक अत्यल्प असल्याने मोटार लागतेच. थंड वाऱ्यासाठी उन्हाळ्यातही एक स्वेटर बरोबर ठेवावा, कारण उपसागरावरचे धुके दुपारी केव्हाही आत येते.